विचारलं तेवढंच

दवाखान्यात कुणी रडायला लागलं की मी आधी ओरडत असे आणि मग पाणी देत असे. हा क्रम कधी बदलला नाही. बाळंतिणी मला घाबरत, त्यांच्या सासवा त्याहून जास्त घाबरत. डॉक्टरसाहेब आपल्या खोलीतून म्हणत, "सिस्टर, हळू. चवदार तळ्यावर धुणं धुणाऱ्या बायका दचकतील." तळं काही दवाखान्याला लागून नव्हतं, यावरून माझ्या आवाजाचा अंदाज यावा.

मी महाडचीच. नर्सिंगपुरती पुण्याला राहिले आणि परत आले. पुण्याच्या आमच्या मेट्रनने एक गोष्ट डोक्यात पक्की बसवली होती, की एक रोगी रडला की सगळा वॉर्ड रडतो आणि रडणाऱ्या वॉर्डात कुणाचा ताप उतरत नाही. मला ते शिकवावंच लागलं नाही. माझी आई गेली तेव्हा मी सोळा वर्षांची होते. आलेल्या माणसांना चहा मी केला, भांडी मी घासली आणि एक टिपूस काढलं नाही. वडील चारचौघांत म्हणाले, "पोरीने फार धीराने घेतलं." ते वाक्य मी पुढे कितीतरी वर्षं अंगावर दागिना घालावा तसं मिरवलं.

माझी एक युक्ती होती आणि तिचा मला भारी अभिमान होता. भाजलेल्या माणसाची पट्टी बदलायची असली किंवा बाई अडली असली, की मी तिच्या डोळ्यांसमोर माझा उजवा हात धरायची. "माझ्या मुठीकडे बघ. मूठ मिटली की श्वास आत घ्यायचा आणि तोंड बंद. मूठ उघडली की श्वास सोडायचा." पाच-सात वेळा मूठ मिटली-उघडली की माणूस गप्प होई. मोठमोठे आडदांड गडी मुठीकडे टक लावून बघत राहत. डॉक्टर म्हणायचे, सिस्टरची मूठ म्हणजे अर्धी भूल.

तेव्हा आमचा जिल्हा कुलाबा. पोलादपूर ओलांडून गोव्याच्या वाटेला लागलं की कशेडीचा घाट, आणि तो दर पावसाळ्यात दोन-चारदा बंद पडायचा. दरड खाली यायची, गाड्या दोन्हीकडे अडकायच्या, माणसं माती उपसायची आणि रस्ता पुन्हा चालू व्हायचा. त्यात कुणाला नवल वाटत नसे. एका वर्षी श्रावणात मात्र अशी दरड उपसत असताना वरून दुसरी दरड आली आणि आठ माणसं तिच्याखाली गेली. आठही जण पोलादपूरच्या वरच्या अंगाला असलेल्या एकाच वाडीची. कंत्राटदाराने त्या वाडीची टोळी कामाला लावली होती, आणि टोळीचा मुकादमही त्याच वाडीचा. तोही त्या आठांत गेला.

प्रेतं आमच्याकडे आणली होती. त्याबद्दल मी लिहिणार नाही.

पुढे सरकारने चौकशी नेमली. ती उघड, सगळ्यांसमोर व्हायची होती. प्रश्न तसा साधा होता. डोंगर पुन्हा सुटणार हे कुणाला कळलं होतं का, आणि कळलं असेल तर माणसांना त्याच्याखाली उभं कुणी केलं? मुंबईहून एक साहेब आले. वयस्कर, मऊ बोलणारे, सारखा चष्मा पुसणारे. कोर्टाच्या इमारतीत जागा नव्हती, म्हणून दिवाळीच्या सुट्टीत एका शाळेचा मोठा हॉल घेतला. बाकांवर साक्षीदार आणि वाडीची माणसं बसली. पुढे साहेब, त्यांचा लिहिणारा कारकून आणि कंत्राटदाराचा वकील.

पहिल्याच दिवशी घोळ झाला. पहिली साक्ष एका म्हातारीची होती, तिचा एकुलता एक मुलगा दरडीखाली गेला होता. साहेबांनी विचारलं, "आजी, तुमचा मुलगा त्या दिवशी घरून कधी निघाला?" म्हातारीने साहेबांकडे पाहिलं, कपाळावर हात मारला आणि हेल काढून रडायला सुरुवात केली.

त्या डोंगरातल्या वाड्यांची ही रीत आहे. घरात माणूस गेलं की मागून जो कुणी पहिल्यांदा भेटायला येईल त्याच्या गळ्यात पडून बाई रडते, आणि नुसती रडत नाही. ती सुरात रडते, मुळापासून. सकाळी काय खाल्लं, काय बोलला, कुठल्या वाटेने गेला, कुणी येऊन सांगितलं. आलेला माणूस ऐकतो, तोही रडतो, मग दोघं पाणी पितात आणि तिथून पुढे साधं बोलणं सुरू होतं. पुढचा पाहुणा आला की पुन्हा पहिल्यापासून. हे मला लहानपणापासून माहीत होतं आणि लहानपणापासून त्याचा तिटकारा होता. आमच्या गावातल्या घरांत असं कुणी रडत नसे. त्या रडण्यात शब्द असतात हे ऐकू यायचं, पण ते ऐकण्यासाठी असतात असं मला कधी वाटलं नाही. पाऊस पत्र्यावर वाजतो तेव्हा आपण कुठे कान देऊन ऐकतो.

म्हातारी थांबेना. तिचं ऐकून मागच्या बाकांवरच्या बायकाही सुरू झाल्या. कारकुनाने टाक खाली ठेवला. साहेबांचा चेहरा पडला. त्यांना खरंच वाईट वाटत होतं, पण ते हताश होऊन म्हणाले, "यातलं एक अक्षर मला लिहून घेता येत नाही." त्या दिवशीचं काम तिथेच थांबलं.

संध्याकाळी प्रांतसाहेबांची चिठ्ठी दवाखान्यात आली. चौकशीला येणाऱ्या बायकांना धीर देण्यासाठी एखादी समजूतदार स्त्री पाठवावी. डॉक्टरांनी चिठ्ठी वाचली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "समजूतदार कुणी नाही आपल्याकडे. तुम्हीच जा."

मी गेले. शाळेतला एक वर्ग मला दिला होता. बाकं पोरांच्या मापाची, म्हणून बायका खाली जमिनीवर बसत. मी पाण्याचा माठ भरून ठेवला, अमोनियाची बाटली खिशात टाकली आणि पहिल्याच सकाळी सगळ्यांना माझा कायदा सांगितला.

"हे बघा, तिथे रडायचं नाही. साहेब मुंबईहून तुमच्यासाठी आलेत. रडत बसलात तर त्यांना काही कळणार नाही. विचारलं तेवढंच सांगायचं. एक प्रश्न, एक उत्तर. मी समोरच्या भिंतीपाशी उभी राहीन. रडू आलं की माझ्या मुठीकडे बघायचं."

मग मुठीचा सराव. मिटली, श्वास आत. उघडली, श्वास बाहेर. पहिल्यांदा त्या हसल्या. आपापल्या घरातलं माणूस गेल्यावर त्या बहुतेक पहिल्यांदाच हसल्या असाव्यात, आणि त्याचंही श्रेय मी घेतलं.

युक्ती चालली. दुसऱ्या दिवशी चार साक्षी झाल्या, तिसऱ्या दिवशी तीन. बाई उभी राहायची, हेल गळ्याशी यायचा, मी मूठ मिटायची आणि हेल खाली उतरायचा. मग कोरडं, चार शब्दांचं उत्तर. कारकून भराभर लिहायचा. म्हातारीचीही साक्ष झाली. "सकाळच्या पारी गेला." "भाकर न्हेली." "मुकादमानं बोलावला म्हनून गेला." बस. परत येऊन ती वर्गात भिंतीला टेकून बसली आणि दिवसभर कुणाशी बोलली नाही. मी तिला पाणी दिलं. तिने घेतलं नाही. मी म्हटलं, दमली असेल.

त्या बायकांत एक होती, ती कायम दाराजवळ एकटी बसायची. तिशीची असेल. इतर बायका तिच्या बाजूला बसत नसत आणि माठातलं पाणी घ्यायला उठल्या तरी तिला वळसा घालून जात. मी म्हातारीला विचारलं, तर तिने मान न वळवता सांगितलं, "मुकादमाची बायको. हिच्या दादल्यानं आमची मानसं न्हेली."

तोवर कंत्राटदाराच्या ओव्हरशिअरची साक्ष झाली होती. तो इस्त्रीचा सदरा घालून आला होता आणि त्याला रडू येण्याचा प्रश्न नव्हता. त्याने सांगितलं की त्या सकाळी आपण काम बंद ठेवायला सांगितलं होतं, मुकादमाने ऐकलं नाही, लवकर उरकून मोकळं व्हायचं म्हणून स्वतःच्या मनाने माणसं आत घातली. वाडीच्या माणसांनी ते बाकांवर बसून ऐकलं. मुकादम त्यांच्यातला होता, त्याच्या शब्दावर ही आठ घरं कामाला जात होती. आणि तो आता सांगायला नव्हता.

तिथे ओव्हरशिअर आणि मुकादम यांचं बोलणं ऐकायला मिळेल इतक्या जवळ असलेलं आणि जिवंत राहिलेलं एकच माणूस होतं. त्याची बायको. ती घमेल्याने माती टाकत होती आणि दरड आली तेव्हा पाणी आणायला खाली गेली होती म्हणून वाचली. तिची साक्ष सर्वांत शेवटी ठेवली होती.

आदल्या दिवशी दुपारच्या सुट्टीत मी तिला मुद्दाम जवळ घेऊन बसले. मला कळत होतं की हीच साक्ष महत्त्वाची. ओव्हरशिअर खोटं बोलला असेल तर ते तिच्याच तोंडून कळणार होतं, नाहीतर तिचा नवरा सात माणसांचा जीव घेऊन गेला असं कायमचं लिहिलं जाणार होतं. तिला त्याच वाडीत त्याच माणसांत जन्म काढायचा होता. एवढं समजण्याइतकी मी शहाणी होते.

ती गुडघे जवळ घेऊन बसली होती. म्हणाली, "बाई, वाडीची समदी असतील नव्हं तिथं?"

"असतील. पण तू त्यांच्याकडे बघू नकोस. माझ्याकडे बघ."

"म्हातारी पन असंल?"

"असेल. घाबरू नकोस."

"मी घाबरत नाय." तिने गुडघे आणखी जवळ ओढले. "आमच्याकडं कोन आलंच नाय, बाई. येका दिसात आठ घरांत आठ मयतं. ज्याच्या त्याच्या घरात सुतक. कोन कुनाकडं जानार? मी धा दिस वाट बघितली. मग तेरावं झालं. मग ह्ये बोलनं सुरू झालं आन् मग तर कोन येईनाच. मी आजून कुनाजवळ रडलेच नाय."

"बरं झालं," मी म्हणाले. "रडून का कुणाचं भलं झालंय? उद्या तसाच धीर धर."

तिने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेचा अर्थ मी तेव्हा कौतुक असा लावला होता. मी तिला मूठ दाखवली. इतर बायकांना पाच वेळा शिकवावं लागलं होतं, ही दोन वेळांत शिकली.

दुसऱ्या दिवशी हॉल भरला होता. वाडीचे सगळे आले होते, म्हातारी अगदी पुढच्या बाकावर. मुकादमाची बायको उभी राहिली. स्वच्छ धुतलेलं लुगडं, पदर घट्ट. साहेबांनी नेहमीच्या मऊ आवाजात सुरुवात केली.

"त्या सकाळी ओव्हरशिअर तिथे होते?"

"व्हते."

"तुमचे पती त्यांच्याशी बोलले?"

"व्हय."

"काय बोलणं झालं?"

ती साहेबांकडे बघत नव्हती, माझ्याकडेही नाही. ती बाकांकडे वळली, म्हातारीच्या दिशेने. तिने पदर तोंडाशी नेला आणि मला तो आवाज ओळखू आला, अजून तो गळ्यातच होता. "अवो, काय सांगू माज्या मावश्यांनू, सकाळच्या पारी झऱ्यावर ग्येले..."

हेल लागला होता. कारकुनाने टाक उचलून धरला, लिहिलं काही नाही. साहेबांनी चष्मा काढला. वकील मागे रेलून बसला. मी दोन पावलं पुढे झाले, तिच्या डोळ्यांपुढे येईन अशी, आणि मूठ मिटली.

तिने ती पाहिली. एक क्षणभर ती मुठीकडे बघत राहिली. मग तिने श्वास आत घेतला आणि तोंड मिटलं.

साहेबांनी पुन्हा विचारलं, "काय बोलणं झालं, बाई?"

तिचे ओठ हलले. मी मूठ उघडली. तिने श्वास सोडला. शब्द काही आला नाही. ते शब्द तिच्याकडे त्या सुरातच होते, सुटे करून तिला देता येत नव्हते. हे आज मी लिहिते आहे. तेव्हा मला वाटलं, ठसका लागला असेल.

"नाय आठवत," ती म्हणाली.

वकील उठला. त्याने फार काही केलं नाही, त्याला करावंच लागलं नाही. "म्हणजे ओव्हरशिअरनी काम बंद ठेवायला सांगितलं नव्हतं, असं तुम्ही म्हणू शकत नाही?"

"ठावं नाय."

"सांगितलंही असेल?"

"ठावं नाय."

कारकुनाने दोन्ही उत्तरं लिहून घेतली. बाकांवर कुणीतरी जीभ टाळ्याला लावून च्च केलं. म्हातारी समोर बघत होती.

संध्याकाळी सामान आवरताना साहेबांनी मला बोलावून घेतलं. म्हणाले, "सिस्टर, तुमचे आभार मानले पाहिजेत. पहिल्या दिवशी वाटलं होतं हे होणार नाही. तुमच्यामुळे सगळं फार शिस्तीत पार पडलं." मी दवाखान्यात येऊन ते डॉक्टरांना जसंच्या तसं सांगितलं. दोनदा सांगितलं, आवाज न चढवता.

शिमग्याच्या सुमारास अहवाल झाला. कचेरीतल्या एका कारकुनाने सांगितला. कंत्राटदाराला थोडी ताकीद आणि बाकी सगळं मुकादमाच्या माथी. काम बंद ठेवण्याची सूचना मिळूनही त्याने स्वतःच्या जबाबदारीवर माणसं धोक्यात घातली, आणि याविरुद्ध काही पुरावा पुढे आला नाही. मी म्हटलं, पुरावा नव्हताच तर साहेब तरी काय करणार. रात्री जेवणही नीट गेलं. असं सगळं खरं खरं लिहायचं ठरवलं आहे म्हणून लिहिते.

वैशाखात देवीच्या लशीची फेरी पोलादपूरच्या वरच्या वाड्यांतून निघाली. लस टोचणाऱ्यांबरोबर बायकांना समजवायला एक नर्स द्यायची, तेव्हा मी गेले. करवंदीच्या जाळ्यांतून तासभर चढ चढून त्या वाडीत पोचलो. पंचवीस-तीस घरं. लोक ओळखीचे, चौकशीतल्या बायका "बाई आल्या" म्हणून पुढे आल्या, दंड उघडे करून पोरांना धरून बसल्या. मुकादमाची बायको दिसली नाही. मी विचारलं, तर एकीने हाताने दाखवलं, पलीकडे, उतारावर शेवटचं घर. "तिच्याकडं कशाला जातासा? पोरं ममईला दिराकडं धाडल्यात. येकलीच असती." म्हणजे लस टोचायला तिथे कुणी नाही, जायचं कारण नाही.

तरीही मी गेले. का गेले ते मला सांगता येत नाही. बहुधा चांगल्या कामाची पावती घ्यायला.

ती अंगणात शेण सारवत होती. मला बघून उठली, हात पदराला पुसले आणि काही न बोलता जवळ आली. मी 'कशी आहेस' म्हणेपर्यंत तिने माझ्या गळ्यात हात टाकले आणि हेल काढला. मरण झाल्यावर तिच्या दारात पहिल्यांदा आलेलं माणूस मी होते. आठ-नऊ महिन्यांनी.

मी तिला सोडवायला हात वर केला होता, पण तिने इतकं घट्ट धरलं होतं की जमेना. म्हणून उभी राहिले. आणि मग, दुसरं काही करता येत नव्हतं म्हणून, ऐकलं.

त्या रडण्यात सगळं होतं. सकाळी त्याने नाचणीची भाकरी अर्धीच खाल्ली. घाटात पोचल्यावर तो आधी वरच्या झऱ्यावर गेला, रोजच्यासारखा हातपाय धुवायला, आणि झरा बंद होता. एवढा पाऊस आणि झऱ्याला थेंब नाही. तो धावत खाली आला आणि ओव्हरशिअरला म्हणाला, साहेब, झरा आटलाय, पानी आत तुंबलंय, डोंगर फुगलाय, आज मानसं घालू नगा. ओव्हरशिअर छत्रीखाली उभा होता. तो म्हणाला, दोन्हीकडं गाड्या उभ्या हायत, दुपारपत्तुर रस्ता पायजे, तू भितोस तर दुसरी टोळी खेडवरनं आनतो आन् तुज्या वाडीला हित्तं पुन्यांदा काम नाय. ती सुरात हे सांगत होती, प्रत्येक वाक्याच्या शेवटी "माज्या धन्या वो" म्हणत होती, आणि एक शब्द इकडचा तिकडे नव्हता. छत्री कुठल्या हातात होती तेही त्यात होतं. साहेबांनी मऊ आवाजात इतके दिवस जे शोधलं होतं, ते हेच होतं. शाळेच्या हॉलमध्ये ते तिच्या गळ्यापर्यंत आलं होतं आणि मी पुढे होऊन ते परत खाली घातलं होतं.

मला त्या क्षणी माझी किळस आली, दुसरा शब्द नाही.

हे मी पुढे चौकशीच्या साहेबांना लिहून पाठवलं. दोन ओळींचं उत्तर आलं. काम पूर्ण होऊन अहवाल सादर झाला आहे, आता काही करता येणार नाही. पण ते नंतरचं. अंगणातलं अजून संपलेलं नाही.

तिचा आवाज उतारावरून वर वाडीत जात होता. दारांतून माणसं बाहेर येऊन उभी राहिली. कुणी जवळ येत नव्हतं, पण आतही जात नव्हतं. किती जणांनी किती ऐकलं, मला माहीत नाही. म्हातारीला ऐकू कमी यायचं, म्हणून ती काठी टेकत टेकत खाली आली आणि अंगणाच्या कडेला, काटक्यांच्या वईपाशी, कुंपणाबाहेरच थांबली. मुकादमाच्या बायकोने तिला पाहिलं. तिचा हेल एकदम बदलला, माझ्या खांद्यावरून तो थेट म्हातारीकडे गेला.

"अवो मावशी, तवा ह्ये माघारी आले, समद्यांना म्हनले, तुमी बाजूला व्हा, म्होरं मी उभा ऱ्हातो, माज्या मागनं कोन येऊ नका. मला म्हनले, तू पान्याला जा. आन् तुमच्या ल्येकानं हातातली पहार सोडली नाय, मावशी, तवा ह्ये त्याला म्हनले..."

म्हातारी एक पाऊल पुढे आली.

माझ्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं होतं. सोळाव्या वर्षापासून न आलेलं. मला ते नको होतं, सगळी वाडी बघत होती. मी दात आवळले, श्वास आत ओढला, आणि उजव्या हाताची मूठ कधी मिटली ते मला कळलं नाही. हात माझ्या खांद्यापाशी, तिच्या डोळ्यांसमोरच होता, मघाशी तिला सोडवायला वर केलेला.

तिने मूठ पाहिली. श्वास आत घेतला. तोंड मिटलं.

मी घाईघाईने मूठ उघडली. म्हणाले, "नाही गो, बोल तू. काय म्हणाले? बोल." मी शिकवल्याप्रमाणे तिने श्वास सोडला. माझ्या गळ्यातले हात काढून घेतले, पदराने डोळे पुसले. मी तिचे दोन्ही दंड धरून हलवले, ओरडलेसुद्धा असेन. म्हातारीच्या लेकाला काय म्हणाले तेवढं तरी सांग.

"नाय आठवत, बाई," ती म्हणाली आणि पाणी आणायला आत गेली.

म्हातारी वईपाशी उभी होती, कान पुढे करून. आता आवाज नाही म्हणून तिने माझ्याकडे बघितलं, मग दाराकडे. थोडा वेळ थांबली. मग काठी फिरवून चढ चढायला लागली, आणि वर दारांत उभी असलेली माणसंही एकेक करून आत गेली.